झऱ्याचं तोंड

त्या घरात देवाला नावं ठेवली तरी खपून जात, तळ्याला ठेवलेली खपत नसत. तळं म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. शेताच्या खालच्या कोपऱ्यात बाबांनी तरुणपणी मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी, एका दमात पोहून पार करता येईल एवढंच. पण घरातल्या बोलण्यात त्याचा मान समुद्राच्या खालोखाल होता. म्हणून धाकट्याने फोनवर "ताई, तळं फोडायचं म्हणतोय" असं सांगितलं, तेव्हा थोरलीला आधी वाटलं की फोनच बिघडलाय.

"काय करायचं म्हणतोस?"

"बांध कापायचा आणि पाणी नाल्याला सोडून द्यायचं. बाबा माझं ऐकत नाहीत. तू सांगितलंस तर ऐकतील."

"शुद्धीवर आहेस ना?"

धाकटा शुद्धीवर होता, आणि आधी मनाशी घोकून ठेवल्यासारखं त्याने एका सुरात सगळं सांगितलं. खालचं शेत मिठाने गेलं होतं. आता मीठ वरच्या शेतात शिरत होतं. पेरणीच्या आधी तळ्याचं पाणी हटलं तर शेत वाचायची आशा होती. नाही हटलं, तर तो शीतगृहाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जाणार होता, बायकोला घेऊन, घराला कुलूप घालून. तिथला मॅनेजर पेरणीच्या आत उत्तर मागत होता.

"बाबांना तुझ्याकडे नेशील ना?" त्याने शेवटी विचारलं.

"येते मी," ती म्हणाली. "तोवर फावड्याला हात लावलास तर याद राख."

थोरली शहरातल्या एका इस्पितळात नर्स होती, निवृत्तीला टेकलेली. जन्मभर परक्या माणसांच्या उशा नीट करून झाल्यावर आता तिला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती, तळ्याच्या काठावर एक खोली. रात्रपाळीला डोळे मिटायला लागले की ती त्या खोलीची खिडकी मनातल्या मनात कधी पूर्वेला बसवायची, कधी उत्तरेला. पाणी दिसलं म्हणजे झालं. तेव्हा ती गाडीत बसली ती भावाचं ऐकून घ्यायला नव्हे, त्याचे कान उपटायला.

गाडीने तिला कालव्याच्या पुलावर उतरवलं. तिथून घरापर्यंत पाटाच्या कडेने पायवाट होती, आणि त्या वाटेवर पाय पडला की थोरलीचं वय उतरत जायचं. पुलापाशी ती म्हातारी होत चाललेली बाई असायची आणि घराच्या फाटकाशी पोचेपर्यंत ओल्या वेण्या पिळणारी पोर.

तळ्याची गोष्ट तिला बाबांच्या शब्दांत तोंडपाठ होती. आजोबा गेले तेव्हा बाबा लांब एका गिरणीत नोकरीला होते. आजोबा म्हणजे तोंडाला कुलूप लावलेला माणूस. काम करायचं आणि विषय संपवायचा. एक दिवस शेतातून आले, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. बाबा नोकरी सोडून आले, पण शेतात काय कुठे आहे हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. पहिल्याच हंगामात खालच्या कोपऱ्यात त्यांची गाडी चाकाच्या आसापर्यंत रुतली. ती काढायला चिखल उपसला, तर खाली एका जागी गार, नितळ पाणी बुडबुडत वर येत होतं. बाबांनी गाडी तशीच सोडली आणि धावत घरी आले. "झरा लागलाय!" ते आईला म्हणाले. "आपल्या शेतात जिवंत झरा आहे, आणि आपल्या म्हाताऱ्याने कधी अवाक्षर काढलं नाही!"

मग त्यांनी बांध घातला. तळं भरलं. झरा कधी आटायचा नाही. उलट शेताला पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी तो जास्तच जोराने यायचा, आणि बाबा मोठ्या कौतुकाने म्हणायचे, "बघा, पिकाचं पोट भरलं की झऱ्यालाही आनंद होतो." पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना झरा दाखवायला नेत. पायातलं काढून, कपडे गुडघ्यापर्यंत वर खोचून, बिचाऱ्यांना त्या जागी उभं राहावं लागे आणि "वा, काय गार आहे हो" म्हणावं लागे. न म्हणणाऱ्याला चहा पातळ मिळायचा.

फक्त आई कुरकुर करायची. "तुमच्या झऱ्याच्या पाण्याला साबणाचा फेस काही येत नाही. कपडे नुसते गोणपाट होतात."

"फेस कशाला हवा तुला? समुद्र आहे का हा?" बाबा म्हणायचे.

पण संध्याकाळी तीच आई गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून, डोळे अर्धवट मिटून काहीतरी गुणगुणत असायची. बाबांचा तळहात पोटाखाली घेऊन थोरली हात मारायची. एक दिवस तिने खाली पाहिलं तर पोटाखाली हात नव्हताच. ती ओरडली, पाणी प्याली, आणि पाय टेकले तर नेमके झऱ्यावर. तळपायाला तो गार धक्का, काठावर आईचं हसणं, आणि "पोहलीस की गं!" म्हणून बाबांनी घेतलेली उडी. थोरलीला पुढे आयुष्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी मिळाल्या, पण तेवढं सुख पुन्हा एकरकमी मिळालं नाही.

ती पोचली तेव्हा बाबा काठावर मोडक्या खुर्चीत बसले होते. "आलीस? बघ, यंदा पाणी कसं तुडुंब आहे."

पाणी तुडुंब होतं हे खरं. पण हिरवं होतं, आणि चारी बाजूंनी लव्हाळा आत घुसला होता. झरा कधीच बंद पडला होता. आई गेली त्याच सुमाराला, आणि बाबांच्या मनात त्या दोन्ही गोष्टींची एकच गाठ बसली होती. थोरलीने ती सोडवायचा प्रयत्न कधी केला नव्हता. ती दरवर्षी सुट्टीत यायची, बाबांशेजारी बसायची, जुन्या गोष्टी काढायची आणि परत जायची. शेतात पाऊल टाकून तिला कित्येक वर्षं झाली होती.

धाकट्याने तिला दुपारी शेतात नेलं. भांडायच्या तयारीने निघालेली थोरली बांध ओलांडताच जागीच थांबली. गव्हाची जुनी धसकटं कुठे होती, कुठे नव्हती, आणि मधल्या सगळ्या जागेवर पांढरी साय धरली होती. पायाखाली ती कुरकुरली. तिने वाकून चिमूटभर उचललं आणि जिभेला लावलं. नर्स असली तरी शेतकऱ्याची पोर होती.

"हे कधीपासून?"

"हळूहळू. आधी वाटीएवढा डाग होता."

"पण कालव्याचं पाणी तर गोड आहे आपल्या."

"गोड पाण्यातही चिमूटभर मीठ असतंच, ताई. पाणी मातीतून खाली जाऊन बाहेर पडलं, की मीठही त्याच्याबरोबर जातं. इथे खाली जागाच नाही. खाली सगळं भरलेलं. मग ऊन तापलं की तेच पाणी वर चढतं. दिव्याच्या वातीतून तेल चढतं ना, तसं. वर आलं की पाणी उडून जातं, आणि बरोबर आणलेलं मीठ इथे ठेवून जातं."

"मग शेत धुवायचं. आजोबा धुवायचे, बाबा सांगतात."

"मी काय करत होतो असं वाटतं तुला?" धाकटा पहिल्यांदा जरा चिडला. "वाफे बांधतो, काठोकाठ पाणी भरतो. मीठ विरघळून खाली जातं. मला वाटतं जिंकलो. महिन्याभरात दुप्पट होऊन वर येतं. जास्त दिसलं म्हणून जास्त पाणी देतो, तर आणखी वर येतं. पालथ्या घड्यावर पाणी तरी बरं, निदान वाहून जातं."

त्याने एक खड्डा खणून ठेवला होता. आत हातभर खालीच पाणी उभं होतं. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणून त्याने खड्ड्यातलं पाणी आणि तळ्यातलं पाणी ताडून पाहिलं होतं. जवळजवळ एकाच उंचीवर होती दोन्ही. तळ्याची पातळी हीच शेताच्या पोटातली पातळी झाली होती.

"पंप लाव," थोरली म्हणाली. तिला ते पटत होतं आणि पटवून घ्यायचं नव्हतं.

"लावला होता. उपसलं की तळ्यातून परत येतं."

"मग तळ्याभोवती मातीचा—"

धाकट्याने तळ्याच्या कडेला उकरून पुन्हा बुजवलेल्या चराकडे बोट दाखवलं, आणि थोरलीच्या लक्षात आलं की तिने सुचवलेलं सगळं त्याने आधीच करून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी नळीवाला आला. शेताखालून भोकांच्या नळ्या टाकून पाणी बाहेर काढणं हा त्याचा धंदा. माणूस गोल, तोंडाळ, आणि हातात लांब लोखंडी सळई. शेत पाहून तो म्हणाला, "खाल्ल्या मिठाला जागतंय तुमचं शेत. सोडायलाच तयार नाही." मग नमनाला घडाभर तेल घालून झाल्यावर मुद्द्यावर आला. "नळी मी कुठेही टाकून देईन. पण नळीला तोंड लागतं, आणि ते तोंड उघड्यावर लागतं. पाण्यात बुडलं की नळी मुकी झाली समजा."

माती कशी आहे ते पाहायला म्हणून त्याने वरच्या शेतात सळई खुपसली. ठक्क. त्याने हातभर बाजूला खुपसली. सळई गपकन आत गेली. पुन्हा आधीच्या जागी, पुन्हा ठक्क.

धाकट्याने तिथे खणलं. भाजलेल्या मातीची एक नळी होती, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी, आणि तिला लागून दुसरी, तिला लागून तिसरी. नुसत्या एकापुढे एक ठेवलेल्या, सांध्यात पाणी शिरावं म्हणून मुद्दाम न जोडलेल्या.

"अहो, तुमच्याकडे आधीच नळ्या आहेत की!" नळीवाला ओरडला. "आणि काय काम केलंय! कुणाचं हे?"

बाबा काठीचा आधार घेत आले. त्यांनी नळी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. तशाच चार-दोन नळ्या घराच्या मागे कायम पडलेल्या असायच्या. आईने त्या उभ्या करून त्यांत माती भरून फुलझाडं लावली होती. "आजोबांना धुराडं बांधायचं होतं," असं बाबा सगळ्यांना सांगत आले होते, कारण दुसरं काही त्यांना सुचलंच नव्हतं. त्या मुक्या माणसाने धुराडं नव्हे, अख्ख्या शेताच्या पोटातून पाणी बाहेर काढायची वाट बांधली होती, आणि काम झालं म्हणून विषय संपवला होता.

नळीवाला सळई ठोकत उताराकडे निघाला. ठक्क. ठक्क. थोरली त्याच्या पुढे चालायला लागली. ती मागे वळून पाहत नव्हती. ओळ कुठे चालली आहे ते तिला सळईच्या आधी कळलं होतं. बांधावर चढून ती उभी राहिली आणि समोर पाण्याकडे पाहिलं. ओळ सरळ पुढे नेली तर ती लव्हाळ्याच्या त्या बेटापाशी जात होती, जिथे पाहुण्यांना उभं करत.

झरा नव्हताच. शेताला दिलेलं पाणी मातीतून झिरपून, मीठ बरोबर घेऊन त्या नळीने बाहेर पडत होतं. म्हणून पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी जोर यायचा. म्हणून साबणाला फेस येत नव्हता. आणि त्याच तोंडावर बाबांनी तळं उभं केलं होतं. पुढे गाळ बसला, मुळं घुसली आणि तोंड मिटलं.

ऑपरेशननंतर पोटात साचणारं पाणी बाहेर यावं म्हणून नळी ठेवतात. ती कुणी चिमटून ठेवली असती तर थोरलीने त्या नर्सला वॉर्डभर फैलावर घेतलं असतं. इथे त्यांचं सगळं घर वर्षानुवर्षं त्या चिमट्यावर पाय सोडून हसत बसलं होतं, आणि सगळ्यांत मोठ्याने ती हसली होती.

"नळी आहे, मान्य," बाबा म्हणाले. "पण झरा वेगळा. दोन्ही एकाच ठिकाणी असू नयेत असा काही नियम आहे का?"

नळीवाल्याने तोंड उघडलं. धाकट्याच्या बायकोने चटकन त्याच्या हातात चहाचा कप दिला. बाई शहाणी होती.

संध्याकाळी बाप-लेक तळ्याकाठी बसले. थोरली सांगायला म्हणून बसली होती, पण सांगायची वेळ आली की बाबा एखादी आठवण काढायचे आणि ती विरघळायची. झरा बघायला उतरलेले आणि सपशेल आडवे झालेले तिचे मामा. पाहुण्यांच्या पाठीमागे त्यांच्या नकला करणारी आई. थोरलीला हसता हसता ठसका लागला. तेवढ्यात धाकटा बादली भरायला आला.

"आठवतं ना रे तुला मामांचं?" बाबांनी विचारलं.

"मला कुठून आठवणार, बाबा?" धाकटा बादली बुडवत म्हणाला. "मला तर पोहताही येत नाही."

"काहीतरीच काय," थोरली म्हणाली. "बाबांनी मला शिकवलं तसं तुलाही—"

ती थांबली. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा पाण्याकडे पाहत होते. धाकटा पोहायच्या वयाचा झाला तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती, झरा बंद पडला होता, पाण्यावर शेवाळ आलं होतं आणि थोरली घरात नव्हती.

"एकदा उतरलो होतो मी," धाकटा म्हणाला. "बाबा ओरडले, घाणीत जाऊ नकोस म्हणून. बरोबरच होतं. घाणच होती तेव्हा." त्याने बादली काठावर ठेवली. "तुम्ही दोघं या गोष्टी काढता ना, मला आवडतात ऐकायला. पाहुण्यासारखा बसून ऐकतो. पण तुला तळं मिळालं, ताई. मला त्याचं मीठ मिळालं."

तो बादली उचलून निघून गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच थोरलीला जास्त लागलं. ओरडला असता तर ती दुप्पट ओरडली असती. ज्या पोराला तिने कडेवर घेऊन हे पाणी दाखवलं होतं, त्याच्या वाट्याला त्यातला एक थेंबही सुखाचा आला नव्हता, आणि इतक्या सुट्ट्यांत तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या बांध कापू या."

"तूसुद्धा?"

"मीच म्हणते."

"तुला इथे खोली बांधायची होती ना? म्हणून तर मी अडून बसलो होतो."

"खोटं नका बोलू. तुम्ही आईसाठी अडून बसलात."

बाबांनी बराच वेळ काठीचं टोक चिखलात रुतवलं आणि काढलं. "दोघींसाठी," ते म्हणाले. "ती गेली. झरा गेला. एवढं पाणी तेवढं राहिलंय गं."

"पाणी राहिलंय, पण पोरगा चाललाय," थोरली म्हणाली. बोलताना तिचा आवाज फुटला आणि तिने तो सावरला नाही.

बाबा उठले आणि घरात गेले. जेवले नाहीत.

सकाळी धपधप आवाजाने तिला जाग आली. बाबा बांधावर उभे राहून फावडं मारत होते. एका घावाला मूठभर माती निघत होती आणि दुसऱ्या घावाआधी त्यांना श्वास घ्यावा लागत होता. धाकटा दारातच थबकला.

"बघतोस काय?" बाबा तिथून ओरडले. "मी एकटाच बांधला होता, पण एकट्याने फुटायचा नाही हा!"

मग धाकटा धावला. दुपारपर्यंत बांधाला खिंड पडली आणि पाणी नाल्याकडे निघालं. धाकट्याच्या बायकोने टोपल्यांनी मासे धरून कालव्यात नेऊन सोडले, प्रत्येक खेपेला "ओरडू नका रे, नवीन घर मोठं आहे" असं त्यांना बजावत. थोरली काठावर बसून रडली. चोरून नाही, चांगली हुंदके देऊन रडली. पाणी उतरत गेलं तसतसं तिला वाटत होतं की आई आणखी एकदा जातेय. कुणी तिला गप्प केलं नाही.

तळ उघडा पडल्यावर धाकटा लव्हाळ्याच्या बेटात शिरला आणि हातांनी चिखल उपसायला लागला. शेवटी त्याने नळीच्या तोंडातून मुळांचा एक काळा, लांब बुचडा ओढून काढला. मागोमाग थोडं काळं पाणी आलं आणि थांबलं. नळीवाल्याने पंप आणून आत पाण्याचा झोत मारला, दोन फुटलेल्या नळ्या बदलल्या आणि सांगितलं, "आता पाटाला पाणी येऊ द्या. शेत धुवा. एका धुण्यात जायचं नाही हं मीठ. दोन-तीन हंगाम लागतील. पण जाईल."

थोरलीने रजा वाढवली. पाटाला पाणी आलं तेव्हा धाकट्याने वाफे काठोकाठ भरले. यापूर्वी प्रत्येक वेळी ते पाणी थोडं मुरून तिथेच तुंबून राहायचं. या वेळी ते हळूहळू मातीत खोल उतरायला लागलं. दुसऱ्या दिवशी सगळे नळीच्या तोंडाशी उभे होते. भेगाळलेल्या चिखलावर बाबांसाठी एक फळी टाकली होती.

आधी गढूळ आलं. मग करंगळीएवढी धार. मग मनगटाएवढी, नितळ, आवाज करत नाल्याकडे जाणारी. तेवढ्यात धाकट्याच्या बायकोच्या हातातला फोन वाजला. शीतगृहाचा मॅनेजर होता.

"काय सांगू?" तिने विचारलं.

"सांग, येणार नाही," धाकटा मान वर न करता म्हणाला. "सांग, पेरणी आहे."

त्याने ओंजळीत पाणी धरलं, तोंडात घेतलं आणि पचकन थुंकला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि त्याच चेहऱ्यावर हसू फुटलं. "मीठ आहे, ताई! नुसतं मीठ! चाललंय बाहेर!"

बाबा फळीवरून पुढे आले. थोरलीने त्यांचा दंड धरला. त्यांनी वाकून धारेखाली हात धरला आणि ओंजळ तोंडाला लावली. ते थुंकले नाहीत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्यांनी ते तोंडात धरून ठेवलं आणि मग गिळलं.

"हे?" त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "हे होतं मातीत? ह्याच्यात पेरत होतास तू, इतकी वर्षं?"

"हो."

"आणि बोलला नाहीस रे एका शब्दाने?"

धाकट्याने हात पुसले. "बोललो होतो, बाबा," तो म्हणाला. "दरवर्षी बोललो होतो."